पोटॅशियम वाढलं की शहाळं बंद, पण मूत्रपिंड नेमकं करतं काय?

अनुस्वार

आरोग्यविषयक धाग्यांवर हल्ली पोटॅशियमचे प्रश्न वरचेवर दिसतात. कुणाच्या वडिलांचं केळं बंद झालंय, कुणाच्या आईला उलट रोज शहाळं घ्यायला सांगितलंय, कुणी जाहिरात बघून कमी सोडियमचं मीठ आणलंय. उत्तरं देणाऱ्यांची कळकळ खरी असते, पण बहुतेक चर्चा खाण्यापाशी सुरू होते आणि खाण्यापाशीच थांबते. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि हा विषय मला मनापासून प्रिय आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. रक्तात पोटॅशियम किती राहणार याचा शेवटचा निर्णय मूत्रपिंडातल्या नळ्यांच्या अगदी टोकाच्या तुकड्यात होतो. तिथे काय चालतं ते कळलं, की केळं, शहाळं, रक्तदाबाच्या गोळ्या, जुलाब, गुडघेदुखीची गोळी हे सगळे प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात.

७० किलोच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३५०० मिलिमोल (कणांच्या संख्येवरून पदार्थ मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत, मुख्यतः स्नायूंमध्ये. पेशींबाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून जेमतेम ६० ते ७० मिलिमोल. रिपोर्टवर ३.५ ते ५ (लिटरला मिलिमोल) असा जो आकडा असतो तो या बाहेरच्या द्रवाचा; पेशीच्या आत तोच १४० ते १५० असतो. एवढी तफावत टिकवायला प्रत्येक पेशीच्या आवरणावर एक पंप अहोरात्र चालतो: ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना तो ओळखला आणि तब्बल ४० वर्षांनी, १९९७ साली, त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. आत-बाहेरच्या या फरकावरच मज्जातंतू, स्नायू आणि हृदय यांची विजेची कामं चालतात. म्हणून बाहेरचा आकडा दोनाने वर गेला किंवा खाली आला तरी हृदयाची लय बिघडू शकते.

आता एक जेवण घ्या. बटाट्याची भाजी, वाटीभर आमटी, कोशिंबीर, वर एक शहाळं. एवढ्यात ४० मिलिमोल पोटॅशियम सहज पोटात जातं. ते सगळं पेशींबाहेरच राहिलं तर ४ चा आकडा साडेसहाच्या पुढे जाईल. तसा तो जात नाही, कारण जेवणाबरोबर वाढणारं इन्सुलिन त्या पंपांना जोर देतं आणि पोटॅशियम बघता बघता स्नायूंत आणि यकृतात सरकतं. पण ही झाली तात्पुरती सोय. जेवढं खाल्लं तेवढं शेवटी बाहेर गेलंच पाहिजे, आणि त्यातलं सुमारे ९० टक्के मूत्रपिंडांना काढावं लागतं. उरलेलं शौचावाटे जातं.

मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. लिटरला ४ या हिशोबाने त्यात ७२० मिलिमोल पोटॅशियम आलं. त्यातलं दोन तृतीयांश नळीच्या पहिल्या भागातच परत रक्तात घेतलं जातं आणि साधारण पाव हिस्सा त्यापुढच्या वाकड्या भागात, म्हणजे हेन्लेच्या वळणात. टोकाकडे पोहोचतो दहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. इथपर्यंत फळांवर राहणाऱ्या माणसाचं मूत्रपिंड आणि फळाला न शिवणाऱ्या माणसाचं मूत्रपिंड जवळपास सारखंच वागतं. खरा फरक पडतो तो यापुढे. टोकाच्या तुकड्यातल्या पेशी रक्तातून पोटॅशियम उचलतात आणि नव्याने नळीत सोडतात. लघवीत जे पोटॅशियम सापडतं ते बहुतांश हे असं नव्याने सोडलेलं असतं. १९५० च्या आसपास रॉबर्ट बर्लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रयोगांत असं दिसलं की कधीकधी जेवढं गाळलं गेलं त्याहून जास्त पोटॅशियम लघवीत येतं. मग ते वाटेत कुठेतरी मिसळत असलं पाहिजे. १९६४ साली मालनिक, क्लोजे आणि गीबिश यांनी उंदरांच्या मूत्रपिंडातल्या एकेका नळीत काचेची अतिसूक्ष्म सुई घालून वेगवेगळ्या टप्प्यांवरचा द्रव काढला, तपासला, आणि ते कुठे मिसळतं हे दाखवून दिलं. केसाहून बारीक नळीत सुई घालून तिच्यातला द्रव मोजायचा, या कामातल्या चिकाटीबद्दल मला आजही अपार आदर वाटतो.

त्या पेशींचं काम असं चालतं. नळीकडच्या बाजूला सोडियमसाठी एक वाट असते. तिथून सोडियम पेशीत शिरतं आणि नळीतला द्रव किंचित ऋणभारित होतो. रक्ताकडच्या बाजूला तोच स्काऊंचा पंप सोडियम रक्तात ढकलतो आणि बदल्यात पोटॅशियम पेशीत आणतो. पेशीत साठलेलं पोटॅशियम नळीतल्या ऋणभाराकडे ओढलं जातं आणि स्वतःच्या वेगळ्या वाटेने बाहेर पडतं. म्हणजे पोटॅशियम बाहेर जायचं तर तिथपर्यंत सोडियम पोहोचायला हवं, द्रवाचा प्रवाह पुरेसा हवा, आणि या सगळ्या वाटा उघड्या ठेवणारं ॲल्डोस्टेरॉन हवं. या तिघांपैकी एक जरी कमी पडलं तरी पोटॅशियम रक्तात साचू लागतं. तिन्ही जास्त झाली तर ते वाहून जातं.

ॲल्डोस्टेरॉन हे मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचं संप्रेरक. १९५३ साली सिल्विया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी ते वेगळं काढलं. रक्तातलं पोटॅशियम थोडंसं वाढलं तरी ही ग्रंथी ते थेट ओळखते आणि ॲल्डोस्टेरॉन सोडते. पण इथे एक कोडं आहे, आणि वर्गात दरवर्षी एखादा विद्यार्थी ते विचारतोच. जुलाब होऊन शरीरातलं पाणी कमी झालं की सोडियम वाचवण्यासाठीही ॲल्डोस्टेरॉन वाढतं. मग तेव्हा सगळं पोटॅशियम वाहून का जात नाही? आणि पोटॅशियम जास्त खाल्लं तेव्हा हेच संप्रेरक वाढून शरीरात पाणी आणि मीठ का साचत नाही?

उत्तर टोकाच्या जरा आधीच्या तुकड्यात सापडलं. तिथे सोडियम आणि क्लोराइड मिळून परत घेणारा एक वाहक आहे. रक्तात पोटॅशियम कमी असलं की तो जोरात चालतो, सोडियम आधीच उचलून घेतो, आणि टोकाकडे फारसं काही पोहोचत नाही. मग ॲल्डोस्टेरॉन कितीही असलं तरी पोटॅशियम फार जात नाही. पाणी कमी पडतं तेव्हाही सोडियम असंच वाटेतच अडवलं जातं. उलट पोटॅशियम वाढलं की हा वाहक मंदावतो, सोडियम पुढे जातं आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर पडतं. या वाहकाला चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांची जनुकं २००१ साली एका आनुवंशिक आजाराच्या शोधात सापडली. गॉर्डन सिंड्रोम या त्या आजारात वाहक सतत चालूच राहतो: रक्तदाब वाढलेला, पोटॅशियमही वाढलेलं. आणि नेमक्या याच वाहकाला अडवणारी थायाझाइड गटातली साधी, स्वस्त गोळी दिली की दोन्ही खाली येतात. शरीरक्रियाशास्त्रात इतकं स्वच्छ जुळणारं उत्तर क्वचित मिळतं.

याचा आपल्या ताटाशी संबंध आहेच. पोटॅशियम कमी खाल्लं की हा वाहक चालू राहतो आणि मीठ अडवून ठेवतो. म्हणून भाज्या-फळं कमी आणि लोणचं-पापड जास्त, अशा आहारात रक्तदाबाचं दुहेरी नुकसान होतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांना दिवसाला किमान ९० मिलिमोल, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम पोटॅशियम आहारातून घ्यायला सांगते ते यासाठी.

आणखी एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. गरज पडली तर मूत्रपिंड लघवीतलं सोडियम जवळजवळ शून्यावर आणू शकतं. पोटॅशियमचं तसं नाही. काहीच खाल्लं नाही तरी दिवसाला १० ते १५ मिलिमोल जातंच. ॲमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या यानोमामी लोकांच्या लघवीत सोडियम नगण्य आणि पोटॅशियम भरपूर सापडलं होतं, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट या मोठ्या अभ्यासात ती नोंद आहे. मीठ दुर्मिळ आणि कंदमुळं-फळं मुबलक, अशा जगासाठी आपलं मूत्रपिंड घडलंय. आपण त्याला बरोबर उलटं जेवण देतो.

तेव्हा निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाने केळ्याला आणि शहाळ्याला घाबरायचं कारण नाही. आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला फक्त 'केळं बंद' एवढं सांगणंही पुरेसं नाही; त्याच्या गोळ्या कोणत्या, साखर किती, पोट साफ होतं का, हे सगळं विचारावं लागतं. प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं उत्तर देते.

पाणकणीस

वाचनखूण साठवली. कॉलेजात हे सगळं पाठ करून लिहिलं होतं, समजलं आज.

सांजवात

ताई, अगदी वेळेवर धागा आला. बाबा ७२ वर्षांचे, २० वर्षांपासून मधुमेह. मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन २.१ आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. काल संध्याकाळी रिपोर्ट आला, पोटॅशियम ५.९. आमचे डॉक्टर परगावी गेलेत, सोमवारी भेटतील. उन्हाळा म्हणून आम्ही रोज एक शहाळं देत होतो, ते आजपासून बंद केलं. गुडघे दुखतात म्हणून ते अधूनमधून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणतात. शहाळ्यामुळेच वाढलं असेल का? सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल?

अनुस्वार

@सांजवात, सोमवारपर्यंत थांबू नका. आजच जवळच्या रुग्णालयात घेऊन जा, ईसीजी काढून घ्या आणि पोटॅशियम पुन्हा तपासा. गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या, दुकानातून आणलेलीसुद्धा. टेल्मिसार्टन स्वतःहून बंद करू नका, ते तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्या. वेदनाशामक मात्र त्यांना विचारल्याशिवाय आता घेऊ नका. छातीत धडधड, हातापायांत एकदम अशक्तपणा, चक्कर यातलं काही वाटलं तर वाट न बघता तातडीच्या विभागात. लघवी कमी झाली असेल तर तेही आवर्जून सांगा.

शहाळ्याबद्दल. एका मध्यम शहाळ्याच्या पाण्यात अंदाजे १५ ते २० मिलिमोल पोटॅशियम असतं, म्हणजे दीड-दोन केळ्यांएवढं. पण तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी एकत्र बघा. मूत्रपिंडाचं काम निम्म्याहून कमी झालंय, तेव्हा टोकाला पोहोचणारा द्रव आणि सोडियमच कमी. दीर्घ मधुमेहात मूत्रपिंडातलं रेनिन (ॲल्डोस्टेरॉन सुटायला लावणाऱ्या साखळीची सुरुवात करणारा पदार्थ) कमी पडतं आणि त्यामागोमाग ॲल्डोस्टेरॉनही. टेल्मिसार्टन त्याच साखळीतल्या अँजिओटेन्सिनचा परिणाम अडवतं, त्यामुळे ॲल्डोस्टेरॉन आणखी घटतं. वेदनाशामक गोळी रेनिनही घटवते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही. चारही गोष्टी त्या एकाच तुकड्याची वाट बंद करतायत, आणि त्यावर शहाळं. ते एकटं दोषी नाही.

टेल्मिसार्टनला खलनायक ठरवू नका हेही सांगते. मधुमेहात मूत्रपिंड लवकर खराब होऊ नये म्हणूनच या गटातलं औषध देतात. ते देताना पोटॅशियम ठरावीक काळाने तपासायचं असतं, एवढंच. १९९९ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं की हृदय निकामी होण्याच्या गंभीर आजारात स्पायरोनोलॅक्टोन या ॲल्डोस्टेरॉनला अडवणाऱ्या गोळीने मृत्यू ३० टक्क्यांनी घटतात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ते पाहून वृद्ध रुग्णांना ही गोळी देण्याचं प्रमाण काही पटींनी वाढलं, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पोटॅशियम वाढून रुग्णालयात येणारे आणि दगावणारेही वाढले. चाचणीतले रुग्ण निवडून घेतलेले होते आणि त्यांच्या तपासण्या वेळच्या वेळी होत होत्या. बाहेर तसं घडलं नाही. औषध तेच, फरक देखरेखीचा.

सांजवात

निघतोच आहोत. नंतर लिहिते.

टेस्टट्यूब

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. सांजवात, दुसरी तपासणी करायचीच, पण इतरांसाठी एक गोष्ट लिहितो, कारण पोटॅशियम हा रक्त घेण्याच्या पद्धतीवर सगळ्यात जास्त हलणाऱ्या आकड्यांपैकी एक आहे.

वर ताईंनी लिहिलंय की पेशीच्या आत १४० आणि बाहेर ४. मग रक्ताच्या नमुन्याच्या नळीतल्या थोड्या तांबड्या पेशी जरी फुटल्या तरी बाहेरचा आकडा फसवा वाढणार. बारीक सुईने जोरात ओढलं, नळी जोरात हलवली, की पेशी फुटतात. द्रव लालसर दिसला की आम्ही नमुना बाजूला ठेवतो. पट्टा फार वेळ आवळून ठेवला आणि वर रुग्णाला मूठ उघड-मीट करायला लावली, तर हाताच्या स्नायूंतूनच पोटॅशियम बाहेर येतं. यानेही आकडा चांगला अर्ध्या-एकाने वाढू शकतो. म्हणून रक्त देताना मूठ दाबत बसू नका, कुणी सांगितलं तरी.

आणि नमुना फ्रिजमध्ये. लोकांना वाटतं थंड ठेवलं की सुरक्षित. पण थंडीत तो पंप मंदावतो, आतलं पोटॅशियम झिरपत राहतं. खेड्यातल्या संकलन केंद्रावर सकाळी घेतलेलं रक्त, यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न करता, तसंच संध्याकाळी शहरातल्या लॅबमध्ये पोहोचलं, तर त्या पोटॅशियमवर विसंबू नये. द्रव वेगळा करून पाठवला असेल तर हरकत नाही. प्लेटलेट खूप वाढलेल्या असतील तरीही रक्त गोठताना पोटॅशियम सुटतं.

पण 'नमुना खराब असेल' असं घरी बसून कुणी ठरवू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाचा ५.९ हा आकडा खरा धरूनच पुढे जायचं, आणि लगेच पुन्हा तपासायचं.

अनुस्वार

@टेस्टट्यूब, फार मोलाचं लिहिलंत. शेवटचा परिच्छेद तर दोनदा वाचण्यासारखा.

मीठभाकर

कमी सोडियमच्या मिठाबद्दल कुणीतरी लिहा ना. घरात आम्ही दोघं आणि आई. मला रक्तदाब आहे. पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय. हे मीठ चांगलं की वाईट?

अनुस्वार

@मीठभाकर, कुणासाठी, त्यावर अवलंबून. चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांत सुमारे २१,००० लोकांवर एक मोठी चाचणी झाली, २०२१ साली प्रसिद्ध झाली. लोक असे निवडले होते की ज्यांना आधी पक्षाघात होऊन गेलाय किंवा वय साठच्या पुढे आणि रक्तदाब जास्त. अर्ध्या गावांना नेहमीचं मीठ, अर्ध्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं. सुमारे पाच वर्षांत दुसऱ्या गटात पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, आणि पोटॅशियम वाढण्याचे गंभीर प्रकार वाढले नाहीत. स्वयंपाकघरातली एक बरणी बदलून एवढं साधतं, ही साधी गोष्ट नाही.

पण गंभीर मूत्रपिंडविकाराचे रुग्ण आणि पोटॅशियम रोखणाऱ्या गोळ्या घेणारे त्या चाचणीत घेतलेच नव्हते. तुमच्या घरी एकच आमटी तिघं खाणार. तेव्हा आधी तुमचं आणि आईंचं क्रिएटिनिन बघा, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यातलं कुणाला काही चालू आहे का ते बघून डॉक्टरांना विचारा. मगच बरणी बदला.

टेम्सकाठ

इंग्लंडमध्ये रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. इथे ज्या जोडीवर आम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो ती म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन किंवा टेल्मिसार्टनच्या गटातली गोळी आणि सोबत ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविक. भारतात ते को-ट्रायमोक्साझोलमध्ये असतं, लघवीच्या संसर्गासाठी दिलं जातं. ट्रायमेथोप्रिम टोकाच्या पेशीतली सोडियमची वाटच बुजवतं, वर ताईंनी लिहिलीय तीच. वृद्ध माणसाला पाच दिवसांचा कोर्स दिला आणि पोटॅशियम साडेसहा, असं खरंच घडतं. जुनी औषधं कोणती चालू आहेत ते प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगा, दात दाखवायला गेलात तरी.

सांजवात

रात्री परत आलो. दुसऱ्या नमुन्यात ५.७ आलं. ईसीजी ठीक आहे म्हणाले. वेदनाशामक पूर्ण बंद, टेल्मिसार्टनचा डोस निम्मा केला, पाण्यात कालवून घ्यायची पोटॅशियम बांधणारी पावडर दिली आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितलं. बाबांना बद्धकोष्ठ आहे का हेही विचारलं, आणि आहेच. त्याचा इथे काय संबंध ते विचारायचं राहिलं.

अनुस्वार

@सांजवात, बरं वाटलं वाचून. मूत्रपिंड कमी काढू लागलं की मोठं आतडं जास्त काढू लागतं. निरोगी माणसात शौचावाटे जेमतेम १० टक्के पोटॅशियम जातं, मूत्रपिंड खूप खराब झाल्यावर हे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. पोट साफ नसलं की ही उरलेली वाटही अडते. शिवाय ती पावडर आतड्यातलंच पोटॅशियम बांधून शौचावाटे बाहेर नेते आणि तिच्यानेही बद्धकोष्ठ होतं, तेव्हा सोबत पोट साफ राहण्याचं औषध लागेल का ते विचारून घ्या.

ओसरी

माझे यजमान चार वर्षं डायलिसिसवर आहेत. आमच्या घरात पोटॅशियम हा रोजचा विषय आहे, म्हणून स्वयंपाकाबद्दल लिहिते.

भाजी सालं काढून बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणीला टाकायची. पोटॅशियम पाण्यात उतरतं. नुसतं भिजत घालून फारसं काही होत नाही, उकळावंच लागतं. बटाटा अख्खा सालासकट उकडला तर काही उपयोग नाही. पातळ काप करूनच. पालेभाजी तशीच. तुरीच्या डाळीत पोटॅशियम बरंच असतं, म्हणून आमटी रोज नाही, आणि केली तर डाळ शिजवलेलं पहिलं पाणी काढून. भात, तांदळाची भाकरी, कोबी, दुधी, दोडका हे आमचं नेहमीचं. फळांत सफरचंद, नासपती, अननसाची एखादी फोड. सुकामेवा, खजूर, टोमॅटोचं सार, शहाळं, उसाचा रस पूर्ण बंद. गुळाचा चहाही सोडला.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींसाठी मुद्दाम: करमळ, म्हणजे स्टार फ्रूट, मूत्रपिंडाच्या रुग्णाला एकही फोड देऊ नका. लोणच्यातलं, कालवणातलंही नको. त्याचं कारण पोटॅशियमपेक्षा वेगळं आहे, त्यात मेंदूवर परिणाम करणारा विषारी घटक असतो. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आणि डायलिसिसमधली सुट्टी. आठवड्यातून तीनदा असेल तर एकदा दोन दिवसांचा खाडा पडतोच. त्या दोन दिवसांत आम्ही खाण्याचं सगळ्यात जास्त सांभाळतो. लग्नाकार्याचं जेवण नेमकं तेव्हाच येतं आणि माणसाला 'हे नको, ते नको' म्हणताना माझा जीव तुटतो. पण करावं लागतं.

अनुस्वार

@ओसरी, तुमच्या एवढ्या नेमकेपणाने कुठली पुस्तिका लिहीत नसेल. त्या लांब खाड्याचं म्हणाल तर २०११ साली अमेरिकेतल्या डायलिसिसच्या रुग्णांचा मोठा अभ्यास आला होता. दोन दिवसांच्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाचे त्रास इतर दिवसांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसले. आपल्याकडे तर पुष्कळ जणांना खर्चामुळे किंवा केंद्र लांब असल्यामुळे आठवड्यातून दोनदाच डायलिसिस होतं, म्हणजे खाडा आणखी लांब. हे मला फार अस्वस्थ करतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. ज्यांना माहीत नसेल त्यांनी आपल्या केंद्रावर चौकशी जरूर करा.

रानवाट

माझं सगळ्यांच्या उलट आहे. पोटॅशियम २.८ आलंय, पोटऱ्यांत गोळे येतात. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन घेतो. घसा सारखा खवखवतो म्हणून कित्येक महिने रोज ज्येष्ठमधाचा काढा घेतोय. पोटॅशियमचं सिरप दिलंय पण आकडा फारसा वर सरकत नाही. केळी भरपूर खातोय.

अनुस्वार

@रानवाट, काढ्याचं डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर आजच सांगा आणि तो थांबवा.

आपल्या रक्तात कॉर्टिसॉल हे दुसरं एक संप्रेरक ॲल्डोस्टेरॉनच्या कितीतरी पट असतं, आणि ॲल्डोस्टेरॉनच्या जागेवर तेही बसू शकतं. ते बसू नये म्हणून मूत्रपिंडाच्या त्या टोकाच्या पेशींत एक विकर (एन्झाइम) असतं, ते कॉर्टिसॉलला तिथल्या तिथे निष्प्रभ करतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन या विकरालाच अडवतं. मग कॉर्टिसॉल मोकाट सुटतं, पेशीला वाटतं ॲल्डोस्टेरॉन प्रचंड वाढलंय, आणि ती पोटॅशियम बाहेर फेकत राहते. सोबत मीठ साचून रक्तदाबही वाढतो. चार दिवस घशासाठी कांडी चघळण्याने सहसा असं होत नाही. रोज, महिनोन् महिने काढा घेतल्याने होऊ शकतं. त्यात तुमची क्लोरथॅलिडोन, म्हणजे थायाझाइडसारखीच मूत्रल (लघवी वाढवणारी) गोळी, टोकाकडे जादा सोडियम पाठवतेय. दोन्ही मिळून वाट सताड उघडी.

दुसरं, मॅग्नेशियम तपासा. त्या पेशींतल्या पोटॅशियमच्या वाटेवर आतून मॅग्नेशियमचा अडसर असतो. मॅग्नेशियम कमी झालं की अडसर निघतो आणि सिरपने दिलेलं पोटॅशियम लघवीतून जात राहतं. मूत्रल गोळ्यांनी मॅग्नेशियम घटतं, आणि ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल घेतलं तरीही. केळ्यांवर भिस्त ठेवू नका, एका केळ्यात १० मिलिमोलच्या आसपास असतं आणि तुमची तूट काही शेकड्यांत असू शकते. २.८ वरही हृदयाची लय बिघडते, ईसीजी काढला नसेल तर काढा.

रानवाट

सांगितलं नव्हतं. घरचा काढा, त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं. पॅन्टोप्राझोलही घेतो, तीन-चार वर्षं झाली. उद्याच जातो.

दिवेलागण

आषाढी जवळ आली म्हणून विचारते. सासूबाईंचं क्रिएटिनिन २.४ आहे आणि एकादशी त्या सोडणार नाहीत. त्यांना म्हटलं साबुदाणा खा, तर त्या म्हणतात रताळं आणि केळं पचायला हलकं. सैंधव चालेल ना?

अनुस्वार

@दिवेलागण, उपासाचं ताट हे पोटॅशियमच्या दृष्टीने नेहमीच्या ताटाहून जड असतं, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. रताळं, बटाटा, केळं, खजूर, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, वर शहाळं: जवळजवळ सगळंच पोटॅशियमने भरलेलं. त्यात दिवसभर काहीच न खाता राहिलं तर इन्सुलिन कमी राहतं आणि पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊ लागतं. मूत्रपिंड ठीक असलं तर ते काढून टाकतं, सासूबाईंच्या बाबतीत ते साचेल. म्हणून निरंकार उपास त्यांना नकोच.

साबुदाण्यात पोटॅशियम जवळपास नसतंच, भगरीतही रताळ्या-बटाट्यापेक्षा कमी. तेव्हा साबुदाण्याची खिचडी द्या, पण दाण्याचं कूट अगदी नावाला आणि बटाटा घालायचाच तर ओसरीताईंनी सांगितल्याप्रमाणे पातळ काप उकळून, पाणी ओतून. मधुमेह असेल तर साबुदाण्याने साखर झपकन वाढते, मग भगर बरी, थोडी थोडी दोन-तीनदा. दही अर्धी वाटी. फळ हवंच असेल तर सफरचंदाच्या दोन फोडी.

सैंधव हे बहुतांश सोडियम क्लोराइडच आहे. पोटॅशियमची भीती त्यात नाही, पण रक्तदाबासाठी ते साध्या मिठाइतकंच मोजायचं. आणि त्यांच्या गोळ्यांची नावं इथे लिहा, किंवा डॉक्टरांना एकादशीच्या आधी एक फोन करा. मूत्रल गोळी उपासाच्या दिवशी घ्यायची की नाही ते त्यांनीच सांगायला हवं.

दिवेलागण

फोन उद्या सकाळीच करते. भगरीवर त्या तयार झाल्या आहेत, दाण्याच्या आमटीवर अजून बोलणी चालू आहेत.